कागदाची पट्टी आणि खळीतले पाणी

दिवाळीच्या तोंडावर नाशिकच्या ज्या घरांत अजून आकाशकंदील हाताने केला जातो तेथे, आणि संक्रांत जवळ आली म्हणजे याच जिल्ह्यातल्या पतंगवेड्या येवल्यात, कागदाचा ताव आणि बांबूची कामटी यांची पारख मोठ्या चोखंदळपणे होते. परंतु चिकटवण्याच्या जिनसाविषयी हौशी माणूस एकच चौकशी करतो, ती म्हणजे तो पक्का आहे की नाही. ही चौकशी माझ्या मते गैरलागू आहे. नीट वाळलेला जोड ओढून पाहिला तर जोड सुटण्यापूर्वी बहुधा कागदच फाटतो. सबब बळाची चिंता करण्याचे कारण नाही. खरा विचार करावयाचा तो पाण्याचा: चिकटद्रव्य आपल्याबरोबर कागदात किती पाणी आणते, आणि ते किती वेळात परत सोडते.

कागद म्हणजे वनस्पतींच्या सेल्युलोज तंतूंचा दाबून वाळवलेला थर. हा तंतू पाणी प्याला म्हणजे जाडीने चांगलाच फुगतो, लांबीने मात्र जवळजवळ वाढत नाही. आणि यंत्रावर लगदा ज्या दिशेने वाहत जातो त्याच दिशेला बहुसंख्य तंतू पडून राहत असल्यामुळे, ओला झालेला ताव एका अंगाने अधिक आणि दुसऱ्या अंगाने अल्प प्रसरण पावतो. कोणती दिशा कोणती, हे ओळखण्यास उपकरण लागत नाही. कागद तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो आणि त्यांना छेदून फाडू गेल्यास वेडावाकडा जातो. कंदिलाच्या झिरमिळ्या वाऱ्यावर ताण सोसतात, म्हणून त्या तंतूंच्या दिशेने कापाव्यात. उलट जी पट्टी गुंडाळून तिची फुले किंवा चकत्या करावयाच्या, ती तंतूंना आडवी कापली तर सहज वळते, पण ओलीने लांबतेही. हातकागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्याने हा भेद फारसा उरत नाही.

पट्टीची दुसरी अडचण तिच्या कडांची आहे. तीस सेंटिमीटर लांबीरुंदीच्या चौरस तावाला 900 चौरस सेंटिमीटर क्षेत्रामागे 120 सेंटिमीटर कड असते. त्याच तावातून काढलेल्या एक सेंटिमीटर रुंद पट्टीला 30 चौरस सेंटिमीटरमागे 62. क्षेत्राच्या मानाने कड पंधरा पटींहून अधिक झाली, आणि द्रव्य बाहेर पाझरण्याची, डाग पडण्याची व कड उचलली जाण्याची भीतीही त्याच मानाने वाढली.

या कामी आपल्याकडची जुनी वस्तू म्हणजे मैद्याची खळ. चमचाभर मैदा प्रथम गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवून मंद आचेवर ढवळत राहिले असता, सुमारे साठ अंशांच्या आसपास पिठातले स्टार्चचे कण पाणी शोषून फुगू लागतात, दुधाळ मिश्रण अर्धपारदर्शक होते आणि पळीला एकदम जडपणा जाणवतो. कणांतून मोकळ्या झालेल्या रेणुशृंखला सेल्युलोजशी जात्याच जवळीक असलेल्या, म्हणून वाळताना त्या तंतूंना घट्ट बिलगतात. परंतु खळीचा फार मोठा भाग पाणीच असतो. खळ लावलेली पट्टी आधी कोरड्या बाजूकडे वळते, कारण ओली बाजू प्रसरण पावलेली असते. वाळल्यावर तीच पट्टी खळीच्या बाजूला ओढली जाते. म्हणून बाइंडर लोक खळ लावलेला कागद घटकाभर मुरू देतात, तो पुरता लांबून घेतो, आणि मगच तो बसवतात. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याचा प्रघात आहे; तो विषारी आहे, मुलांच्या हाती द्यावयाच्या खळीत तो मुळीच नको.

बाभळीचा डिंक लवकर पकड घेतो, पण त्याचा वाळलेला थर ठिसूळ असतो. या थराच्या स्वभावाशी नाशिककरांचा परिचय जुना आहे, कारण पूर्वी लंडनहून छापून येणारी हिंदुस्थानची टपालतिकिटे 1920 च्या दशकाच्या मध्यापासून नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात निघू लागली. तिकिटाच्या पाठीवरचा थर कोरड्या हवेत आकसला की तिकीट सुरळी होते आणि पावसाळ्यात तोच थर ओल पिऊन तिकिटे एकमेकांस डकवतो. काही देशांत यावर तोड म्हणून डिंकाच्या थरावर बारीक रेघा दाबून त्याचा अखंडपणा मोडण्याची तजवीज करीत.

फेविकॉल 1959 साली बाजारात आले आणि पांढरा गोंद घरोघर पोहोचला. त्यात पॉलिव्हिनिल ॲसिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात; पाणी निघून गेले की ते एकमेकांत मिसळतात आणि पांढरा रंग नाहीसा होतो. खळीपेक्षा यात घनभाग पुष्कळ अधिक, म्हणून पाणी कमी आणि पकड लवकर. गुंडाळलेल्या पट्टीच्या टोकाला टाचणीच्या अग्रावर मावेल एवढा थेंब पुरतो, आणि माझी शिफारस तेथे याचीच आहे. मात्र वाळलेला थर पुन्हा पाण्यात सुखाने विरघळत नाही.

ही उणीव कंदिलाला बाधत नाही, जुन्या कागदाला बाधते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानकुळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत, आणि अशा दप्तरातले पान विरले की सांधण्यासाठी हात सेलोटेपकडे जातो. असे करू नये, हे मी कळकळीने सांगतो: त्या टेपचे द्रव्य वर्षांनुवर्षे कागदात झिरपते, पिवळे पडते, आणि फीत गळून गेली तरी डाग मागे राहतो. संवर्धक तेथे पातळ, लांब तंतूंच्या कागदाची अरुंद पट्टी घेतात, तिची कड कात्रीने न कापता ओल्या रेघेवर फाडतात म्हणजे तंतू मोकळे राहून जुन्या पानात मिसळतात, आणि घट्ट शिजवलेल्या, मोरचूद नसलेल्या स्टार्चच्या खळीचा अगदी पातळ हात देतात. वर टिपकागद ठेवून वजनाखाली ती वाळू देतात. पुढे कोणास हा जोड काढावासा वाटला तर शाई पाण्याने फुटत नाही याची आधी खात्री करून त्यावर किंचित ओल धरावी, की पट्टी उचलून येते.