हाक मारली तरी वळत नाही, तेव्हा

तोंड उघडं टाकून झोपणारं, घोरणारं, टीव्हीचा आवाज वाढवणारं मूल हाकेला ओ देत नाही, तेव्हा घरात पहिला शिक्का बसतो तो ‘मुद्दाम दुर्लक्ष करतो’ हा. कधी कधी कारण नाकामागे असतं.

गैरसमज: कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणजे कान चांगला.

वस्तुस्थिती: नाकाच्या मागे, टाळूच्या वर अडेनॉइड नावाची मऊ गाठ असते. तोंड उघडून ती दिसत नाही. त्यासाठी दुर्बीण किंवा एक्स-रे लागतो. तिच्या शेजारीच मध्यकर्णाला हवा पुरवणाऱ्या नलिकेचं तोंड असतं. अडेनॉइड वाढलं, सुजलं की ही हवा तुटते आणि पडद्यामागे चिकट द्राव साचतो. पडदा शाबूत असतो, दुखणंही बहुधा नसतं. ऐकणं मात्र साधारण 25 ते 30 डेसिबलने घटतं. म्हणजे ओरडलेलं ऐकू येतं, मागच्या बाकावर बाईंचं हळू बोलणं निसटतं. त्यात हे कमीजास्त होत राहतं, म्हणून ‘काल तर नीट ऐकलं होतं’ हा कान चांगला असल्याचा पुरावा धरू नये. जन्मानंतरची श्रवणचाचणी चांगली आली होती, हाही नाही.

गैरसमज: कोमट तेल घातलं की कान मोकळा होतो.

वस्तुस्थिती: द्राव पडद्याच्या आत, तेल बाहेर. ते तिथे पोहोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर उलट संसर्ग वाढतो. सर्दीच्या गोळ्या आणि अँटिबायोटिकनेही हा द्राव सहसा हटत नाही.

गैरसमज: डॉक्टरांकडे गेलं की थेट ऑपरेशन.

वस्तुस्थिती: पुष्कळ मुलांत द्राव तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, त्यामुळे आधी वाट पाहतात. तोवर मुलासमोर बसून बोलावं, शाळेत पुढचा बाक मागावा, घरात विडी-सिगारेट बंद ठेवावी. द्राव टिकला आणि ऐकणं कमीच राहिलं, तर पडद्यात ग्रोमेट ही बारीक नळी बसवतात, गरजेप्रमाणे अडेनॉइड काढतात. ग्रोमेट बहुधा सहा महिने ते वर्षभरात स्वतःच गळून पडतं. अडेनॉइड काढल्याने प्रतिकारशक्ती ढासळत नाही.

‘मोठेपणी आपोआप जाईल’ हे अर्धं खरं आहे. अडेनॉइड किशोरवयात आकसतं. पण बोली पक्की होण्याची वर्षं तोवर निघून गेलेली असतात. घोरणं आणि न ऐकणं एकत्र दिसलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणचाचणी आणि टिंपॅनोमेट्री (पडद्यामागचा द्राव ओळखणारी चाचणी) करून घ्या.