गोड्या पाण्याच्या वाटेवरचे अकोला

मोर्णाकाठचे शहर, पूर्णेचा खारपाणपट्टा आणि त्यांच्या आधाराने करता येण्याजोगी तीन दिवसांची भटकंती

अकोला हे मुंबई–हावडा लोहमार्गावरचे जंक्शन आणि कापूस व डाळींची मोठी बाजारपेठ म्हणून महाराष्ट्राला परिचित असले, तरी शेगावला दर्शनासाठी किंवा मेळघाटात जंगल पाहण्यासाठी निघालेला प्रवासी या शहरात गाडी बदलण्यापुरताच थांबतो, आणि येथे पाहण्यासारखे फारसे काही नाही असा समज करून पुढे जातो. हा समज होण्याचे कारण असे की अकोल्याची प्रेक्षणीय स्थळे एका डोंगरावर किंवा एका वाड्यात एकवटलेली नसून नद्यांच्या काठाने विखुरलेली आहेत, आणि त्या नद्यांचा परस्परसंबंध लक्षात घेतल्याखेरीज किल्ला, मंदिर, यात्रा आणि धरण यांची सांगड बसत नाही. वऱ्हाडच्या या भागात गोडे पाणी कोठे मिळते आणि कोठे मिळत नाही, या एका प्रश्नाने वस्ती, युद्धे, भक्ती आणि शेती या सर्वांना आकार दिला आहे. म्हणून तोच प्रश्न हाताशी धरून अकोला पाहणे अधिक फलदायी ठरते.

पूर्णा, मोर्णा आणि खारपाणपट्टा

उत्तरेला सातपुड्यातील गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचे पठार यांच्यामध्ये पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे पसरलेले आहे. मध्य प्रदेशातील भैंसदेही परिसरात उगम पावलेली पूर्णा अमरावती जिल्ह्यात मैदानावर उतरते, पश्चिमेकडे वळते, आणि अकोला व बुलढाणा जिल्हे ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा आणि मन, तर उत्तरेकडून शहानूर आणि वाण अशा नद्या तिला येऊन मिळतात, आणि यांपैकी मोर्णेच्या दोन्ही काठांवर अकोला शहर वसलेले आहे.

या खोऱ्याचे वैशिष्ट्य म्हणजे खारपाणपट्टा, अर्थात ज्या पट्ट्यातील भूजल खारट असते असा भूभाग. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून तयार झालेल्या खोलगट भागात नद्यांनी युगानुयुगे गाळ आणून टाकला, त्या जाड आणि चिकण गाळातून पाण्याचा निचरा अतिशय मंद गतीने होत राहिला, आणि कोरड्या हवामानामुळे सोडियमचे क्षार तेथेच साचत गेले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४.७ लाख हेक्टर क्षेत्र या पट्ट्यात मोडते. येथे विहीर खोदली तरी तिचे पाणी पिण्यास निरुपयोगी ठरते, आणि तेच पाणी शेताला दिल्यास जमीन आणखी बिघडते. त्यामुळे कापूस, तूर, मूग आणि हरभरा ही पिके प्रामुख्याने पावसाच्या आणि जमिनीत टिकलेल्या ओलीच्या भरवशावर घेतली जातात.

पहिला दिवस: मोर्णेचे दोन काठ

शहराची पाहणी मोर्णेच्या पश्चिम काठावरील जुन्या शहरापासून सुरू करणे इष्ट ठरते, कारण मूळचे तटबंदीचे अकोला तेथे आहे, तर पूर्वेकडील ताजनापेठेच्या बाजूला इंग्रजी अमलात कचेऱ्या, रेल्वे स्थानक आणि बाजारपेठा वाढत गेल्या. नदीला लागून उभा असलेला असदगड हा किल्ला औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाने ओळखला जातो. अकोला त्याच्या जहागिरीत होते आणि दहिहंडा वेशीवरील फारसी लेखात औरंगजेबाच्या कारकिर्दीचा व असदखानाचा उल्लेख असल्याची नोंद जुन्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये, म्हणजे इंग्रजी अमलात सिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, सापडते. त्याच ग्रंथाने नोंदवलेला आगरवेशीवरील मराठी लेख मात्र बांधकामाचे श्रेय गोविंद आप्पाजी यांना देतो आणि १८४३ हे वर्ष सांगतो. असदखानाचा उल्लेख त्याहून कितीतरी जुना असल्यामुळे हा दुसरा लेख मूळ बांधणीऐवजी नंतरच्या डागडुजीशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तटबंदीचा बराच भाग पाडला, आणि आज जे बुरूज व तट उरले आहेत त्यांवरून नदीचे पात्र हाच किल्ल्याचा एका बाजूचा नैसर्गिक खंदक होता हे स्पष्ट दिसते.

जुन्या शहरातच राजराजेश्वराचे मंदिर आहे आणि अकोलेकर त्याला ग्रामदैवत मानतात. गावाला ज्याच्यावरून नाव मिळाले असे मानले जाते त्या अकोलसिंगाची आख्यायिका या मंदिराशी जोडलेली आहे: रात्री शिवपूजेला जाणाऱ्या पत्नीचा संशय घेऊन तो तलवार उपसून तिच्यामागे गेला, तिने देवाला साकडे घातले, आणि दुभंगलेल्या पिंडीने तिला आपल्या पोटात घेतले. आख्यायिकेला इतिहासाचा आधार मागता येत नसला, तरी स्त्रीवरील अन्याय्य संशयाची स्मृती एखाद्या गावाने आपल्या ग्रामदैवताच्या कथेत इतकी ठळक जपावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

श्रावणातील शेवटच्या सोमवारी या मंदिराशी निगडित असलेला कावड आणि पालखी उत्सव हे अकोल्याचे सर्वांत मोठे दर्शन होय. कावड म्हणजे खांद्यावर घेतलेल्या आडव्या बांबूला पाण्याची भांडी बांधून केलेली वाहण्याची सोय. अकोल्यात मात्र बांबूंच्या मोठ्या चौकटींवर शेकडो भरणी, म्हणजे पाण्याने भरलेल्या घागरी, बांधल्या जातात आणि अशी एक कावड उचलण्यासाठी तरुणांची मोठी फळी लागते. शहरातील शिवभक्त मंडळे अकोट रस्त्यावर सुमारे १८ किलोमीटरवर असलेल्या गांधीग्राम येथे जाऊन पूर्णेचे पाणी भरतात, रात्रभर अनवाणी चालून सोमवारी जुन्या शहरात पोहोचतात, आणि त्या पाण्याने राजराजेश्वराला अभिषेक करतात. ज्या प्रदेशात जमिनीखालचे पाणी खारट आहे तेथे नदीचे गोडे पाणी खांद्यावरून आणून देवाला वाहावे, या विधीमागचा भाव प्रदेशाची रचना ठाऊक असलेल्या पाहुण्याला अधिक खोलवर उमगतो. एरवी गांधीग्रामला जाणारे प्रवासी नदीकाठी थांबून तेथील प्रसिद्ध गूळपट्टी, म्हणजे गूळ आणि शेंगदाण्यांची पातळ वडी, आवर्जून घेतात.

खाऱ्या विहिरींचा सत्याग्रह

अकोल्याच्या उत्तरेला असलेले दहिहंडा हे गाव पर्यटनाच्या याद्यांत सहसा आढळत नाही, परंतु खारपाणपट्ट्याचा इतिहास समजून घेण्यासाठी त्याच्याइतके बोलके ठिकाण दुसरे नाही. महात्मा गांधींनी एप्रिल १९३० मध्ये दांडीच्या समुद्रकिनारी मिठाचा कायदा मोडला, तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडात मीठ कोठून काढावे, असा प्रश्न कार्यकर्त्यांपुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर दहिहंड्याच्या खाऱ्या विहिरींत सापडले. अमरावतीचे वीर वामनराव जोशी आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांच्या पुढाकाराने त्याच महिन्यात त्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले. पिढ्यानपिढ्या शाप समजले गेलेले पाणी स्वातंत्र्यलढ्याचे साधन झाले, याचा अभिमान वऱ्हाडाने आजच्यापेक्षा कितीतरी अधिक उघडपणे बाळगायला हवा.

दुसरा दिवस: बाळापूरचा संगम आणि दक्षिणेकडील जलाशय

अकोल्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूर वसले आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या बाळादेवीच्या मंदिरावरून गावाला हे नाव मिळाले असे मानले जाते. एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, नवाब इस्माईलखान याच्या काळात १७५७ मध्ये पूर्ण झालेला येथील किल्ला उंचवट्यावर आहे, आणि त्याच्या भक्कम विटांच्या भिंती पाहताना त्या काळच्या वीटकामाची प्रत ध्यानात येते. पावसाळ्यात दोन्ही नद्या फुगल्या की एक बाजू सोडून किल्ल्याभोवती पाण्याचा वेढा पडत असे, आणि ही जागा निवडण्यामागचा संरक्षणाचा विचार त्या पुरातच दडलेला आहे. याच बाळापूरच्या परिसरात ऑगस्ट १७२० मध्ये निजाम-उल-मुल्क याने आलम अलीखानाचा पराभव केला आणि दख्खनेतील निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा मार्ग मोकळा झाला.

गावाच्या दक्षिणेस मन नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री आहे. पुरंदरचा तह आणि आग्राभेट या प्रकरणांमुळे मराठी वाचकाला सुपरिचित असलेल्या या राजपूत सेनापतीचे नाव घेणारी ही काळ्या दगडाची वास्तू सुमारे २५ फूट चौरस आणि ३३ फूट उंच आहे. जयसिंग यांचा मृत्यू १६६७ मध्ये बुऱ्हाणपूर येथे झाला आणि त्यांची स्मारक-छत्री तेथे स्वतंत्रपणे उभी आहे. त्यामुळे बाळापूरच्या छत्रीला समाधी न समजता तिच्या नाजूक कमानी आणि नदीकडे उघडणारी दालने शांतपणे पाहावीत.

दुपारनंतर दक्षिणेकडे वळल्यास बार्शीटाकळी येथील भवानीचे प्राचीन मंदिर पाहता येते. चुन्याचा वापर न करता घडीव दगड एकमेकांत बसवून उभारलेल्या अशा मंदिरांना यादवांचा मंत्री हेमाद्री, अर्थात हेमाडपंत, याच्यावरून हेमाडपंती म्हणण्याची प्रथा आहे; परंतु या मंदिरातील लेखाचा शक १०९८, म्हणजे इसवी सन ११७६, हा काळ हेमाद्रीच्या कितीतरी आधीचा असल्यामुळे ही बांधणी त्याच्या जन्मापूर्वीच वऱ्हाडात रुळली होती हे सिद्ध होते. त्यापुढे महान येथे काटेपूर्णा नदीवर बांधलेले धरण लागते, आणि अकोला शहराच्या पिण्याच्या पाण्याची मुख्य भिस्त त्याच्यावरच आहे. लगतच्या काटेपूर्णा अभयारण्यात चौशिंगा आणि भेकर हे लाजाळू प्राणी आढळतात, तर हिवाळ्यात जलाशयावर स्थलांतरित पक्षी उतरतात.

तिसरा दिवस: सातपुड्याचा पायथा

उत्तरेकडे अकोटच्या पलीकडे सातपुड्याच्या माथ्यावर नरनाळा किल्ला पसरलेला आहे. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड अशा तीन भागांचा हा विस्तीर्ण गड बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात दुरुस्त करवला, आणि कमलाकृती नक्षी व अरबी सुलेखनाने सजलेला त्याचा महाकाली दरवाजा १४८७ मध्ये फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने उभारला. माथ्यावर नदी नसताना मोठे सैन्य कसे जगत असे, याचे उत्तर तेथील खोदीव टाक्या, तलाव आणि पाणी वळवणाऱ्या नाल्यांच्या रचनेत मिळते. म्हणून दरवाजा आणि नऊगजी तोफ पाहून परतण्यापेक्षा या जलव्यवस्थेसाठी वेळ राखून ठेवणे श्रेयस्कर होय. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात असल्यामुळे शहानूर गावाच्या बाजूने वन विभागाच्या परवानगीनेच प्रवेश मिळतो. परतीच्या वाटेवर तेल्हारा तालुक्यातील अडगावचा परिसर लागतो. तेथील लढाईत २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि त्यानंतर सुमारे पंधरवड्याने गाविलगड इंग्रजांच्या हाती गेला.

शिवार, ताट आणि ऋतू

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झालेले आणि आज डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ हेही पाहण्याजोगे ठिकाण आहे. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री राहिलेल्या पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरअखेरीस, येथे कृषी प्रदर्शन भरते, तर शिवारफेरीच्या दिवसांत शेतकऱ्यांना पिकांचे नवे वाण आणि खारपाणपट्ट्यासाठीच्या पद्धती प्रत्यक्ष वावरात पाहता येतात.

जेवणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचे वरण हा बेत चुकवू नये, कारण गहू, वांगे आणि तूर ही तिन्ही याच काळ्या मातीची देणगी आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत येथील तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. म्हणून श्रावणापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ प्रवासासाठी योग्य समजावा.

नदी पाहण्याजोगी राहावी यासाठी

या सर्व भटकंतीचा आरंभबिंदू असलेली मोर्णा आज शहरातून वाहताना सांडपाणी आणि जलपर्णी यांनी ग्रासलेली दिसते, ही गोष्ट लपवून अकोल्याची ओळख करून देणे प्रामाणिक ठरणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रशासन आणि हजारो नागरिकांनी एकत्र येऊन मोर्णा स्वच्छता मोहीम राबवली आणि तिची दखल देशपातळीवर घेतली गेली. परंतु जलपर्णी काढली तरी सांडपाण्याचा पुरवठा चालू असेपर्यंत ती पुन्हा वाढते, त्यामुळे सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे हाच टिकाऊ उपाय आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी हातात खराटा घेऊन घाणीशी झुंज दिली आणि घाटाचे काम उभे केले. तो वारसा सांगणाऱ्या वऱ्हाडाला हे काम अपरिचित नाही. असदगड आणि राजराजेश्वर ही दोन्ही स्थळे जुन्या शहरात मोर्णेच्या आधाराने उभी राहिली असल्यामुळे, अकोल्यातील पर्यटनासाठी खर्च होणारा पहिला रुपया फलक आणि कमानींऐवजी नदीच्या पाण्यावर खर्च व्हायला हवा, आणि तशी मागणी अकोलेकरांइतकीच येथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानेही करायला हवी.