सोलर वाढलं, मग कोळसा बंद का होत नाही?



गटाच्या मिटिंगमध्ये हल्ली हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर समजून घेतलं तर छतावरच्या सोलरसाठी कर्ज काढताना आपल्याच कामी येईल.

आधी चांगली बाजू. २०१० च्या मानाने सोलरची वीज तयार करायचा खर्च जगभरात जवळपास ९० टक्क्यांनी उतरलाय. २०२३ साली दुबईच्या हवामान परिषदेत जवळपास २०० देशांनी ठरवलं, की ऊन, वारा, पाणी यांपासूनच्या विजेची क्षमता २०३० पर्यंत तिप्पट करायची. भारतात तर निम्मी क्षमता कोळसा-गॅस सोडून इतर मार्गांची करायची होती, तीही २०३० पर्यंत. ती २०२५ मध्येच झाली.

पण 'क्षमता' या शब्दापाशी थांबा. दहा एचपीची गिरणी दारात आहे म्हणून ती चोवीस तास दळते असं नाही ना? तसंच हे. सोलर दुपारी जोरात, ढग आले की कमी, आणि दिवेलागणीला बंद. नेमका तेव्हाच घराघरात पंखा, टीव्ही, मिक्सर सुरू होतो. म्हणून देशात प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या चार युनिटांतली साधारण तीन युनिटं अजून कोळशाचीच. आपल्याकडे चंद्रपूरची भट्टी रात्रीही पेटलेली असते. कोयनेचं पाणी सोडून संध्याकाळी पटकन वीज करता येते, पण पाणी मोजकंच. दुपारची वीज साठवायला मोठ्या बॅटऱ्या हव्यात. त्या स्वस्त होतायत, पण गरजेच्या मानाने अजून फार थोड्या बसल्यात. जगाची खरी अडचण ही आहे.

जिथे काम दिवसाचंच आहे तिथे मात्र सोलर चोख. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला १० टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. रात्री साप-विंचवात पाणी द्यायला जावं लागत नाही. पण पंप मिळतो सातबारावर नाव असलेल्याला. शेतात राबणाऱ्या किती जणींचं नाव तिथे आहे? मला हे फार खटकतं.

आता छताचं. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये सबसिडी आहे. ती पॅनल बसल्यावर खात्यात येते, म्हणून आधीच्या पैशाची सोय करावी लागते.

विकणारा म्हणेल, "ताई, लाइट गेली तरी घर चालू राहील." तिथे विचारा, बॅटरी आहे का? बिनबॅटरीचं साधं सोलर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं. मुद्दामच तसं केलेलं असतं, नाहीतर आपल्या छताची वीज तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल. लाइट असताना दुपारची जास्तीची वीज तारेत जाते आणि ती युनिटं बिलात वळती होतात. म्हणजे बिल कमी होतं, भारनियमन नाही.

बॅटरी हवी असेल तर तिची किंमत आणि वॉरंटी कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्या. आणि कर्जाच्या अर्जासोबत मागच्या बारा महिन्यांची लाइट बिलं आणा. १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिटं देतं. तुमच्या घराला किती लागेल, ते मिटिंगमध्येच बसून काढू.