पेरूला पिशवी

पोपटांचा थवा येतो तो कलकलाट करत, पण झाडावर उतरला की एकदम गप्प होतो. हिरव्या पानांत तो दिसतही नाही. कुरतडलेल्या फळाचे तुकडे खालच्या पानांवर टपटपतात, त्यावरून तो कुठल्या फांदीवर बसलाय ते कळतं. बुलबुल आणि तांबट मऊ झालेल्या फळालाच चोच लावतात. पोपटाला तेवढाही धीर नसतो. त्याला बिया हव्या असतात, म्हणून करकरीत कच्चा पेरूही तो पायात धरून फोडतो, अर्धामुर्धा खातो, उरलेला टाकतो आणि पुढच्या फळाकडे वळतो.

आमच्या परसातला पेरू सरदार जातीचा, म्हणजे पुण्याच्या गणेशखिंडीतल्या केंद्रात निवडला गेलेला लखनौ-४९. मृग बहराची फळं हिवाळ्यात हाताशी येतात. बुजगावणं, चमकत्या फिती, जुन्या सीडी यांचा धाक चार-आठ दिवस टिकतो, मग पक्षी त्यांच्याच शेजारी बसून खातात. म्हणून झाडाची राखण सोडून एकेक फळ झाकायचं.

फळ लिंबाएवढं झालं की पिशवी चढवायची. जुन्या सुती धोतराची किंवा ओढणीची पिशवी उत्तम. पिकलेला पेरू आत मोकळा राहील इतकी ऐसपैस शिवावी. सुतळी फळाच्या देठाला बांधू नये. देठ नाजूक असतो, ओल्या पिशवीच्या भाराने तुटतो. त्यामागच्या डहाळीला गाठ मारावी. वर्तमानपत्राचा कागद पावसात विरघळतो आणि प्लॅस्टिकमध्ये फळाला घाम सुटून ते सडतं. कापडाने फळमाशीही दूर राहते, हा फायदा मला पक्ष्यांपासूनच्या बचावाइतकाच मोलाचा वाटतो. अळ्या निघालेला पेरू बाहेरून किती छान दिसतो!

शेंड्यावरच्या फळांना पिशव्या घालत नाही. तिथे शिडी लावण्यापेक्षा ती पक्ष्यांनी खाल्लेली बरी.

झाडावर नायलॉनची सैल जाळी मात्र कुणीही टाकू नये, असं मी कळकळीने सांगेन. बारीक धाग्यात बुलबुलाचा पाय अडकतो, तो सुटायला धडपडतो तसा फास आवळत जातो. जमिनीवर लोळणाऱ्या टोकांत धामणीही गुंततात. जाळी लावायचीच असेल तर करंगळीही शिरणार नाही इतक्या बारीक विणीची घ्यावी, बांबूच्या सांगाड्यावर ताणून बसवावी आणि सकाळ-संध्याकाळ तिच्याभोवती फेरी मारावी.

पेरू झाडावरच पुरता पिकू द्यायचा हट्ट नको. तितके दिवस पक्ष्यांना आणि वटवाघळांना आयते मिळतात. पिशवी सोडून पाहावं: गडद हिरवी साल फिकट, पिवळसर होऊ लागली की फळ तयार झालं. देठासकट कात्रीने कापून टोपलीत ठेवावं. दोन-तीन दिवसांत स्वयंपाकघरभर वास सुटतो.