आरोपी, गुन्हेगार आणि चोवीस तास

रिमांडची वेळ. कठड्याजवळ एक तरुण उभा, शेजारी शिपाई. न्यायाधीश मान वर करून विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" तो एकदा शिपायाकडे बघतो आणि म्हणतो, "नाही, साहेब." लगेच पुढचं नाव पुकारलं जातं.

अटकेचं कारण कळण्याचा, वकील मिळण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं जाण्याचा हक्क देणारं राज्यघटनेचं कलम २२ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत मांडलं, ते अशाच क्षणासाठी. पण कठड्याजवळच्या माणसाला ते माहीत नसतं. बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईलाही कुणी सांगितलेलं नसतं.

गैरसमज १ : पोलिसांनी उचललं म्हणजे काहीतरी केलंच असणार.

वस्तुस्थिती : अटक संशयावरून होते, दोष न्यायालय ठरवतं, पुरावा तपासून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागायचाच आहे असे. चारांतले तीन! यांतले काही जण पुढे निर्दोष सुटतील. तोवर नोकरी गेलेली असते, घर कर्जात बुडालेलं असतं. ती वर्षं त्यांना कुणी परत देत नाही.

गैरसमज २ : नुसतं चौकशीला नेलंय, अटक दाखवलेली नाही, मग चोवीस तास कसले?

वस्तुस्थिती : अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, माणसाला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. रविवार असो की दिवाळी, यातून सूट नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी न्यायाधीश नेमलेले असतात. कागदावर अटक केव्हा दाखवली यापेक्षा माणसाची मोकळीक केव्हा गेली हे महत्त्वाचं, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलं आहे. अपवाद आहे तो प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा. आपल्याकडे 'एमपीडीए'खाली, म्हणजे झोपडपट्टीदादा कायद्याखाली, स्थानबद्ध केलेल्याला हे चोवीस तासांचं संरक्षण मिळत नाही. म्हणून तर या कायद्याचा वापर डोळ्यांत तेल घालून तपासायला हवा.

गैरसमज ३ : अटकेचं कारण तोंडी सांगितलं की झालं.

वस्तुस्थिती : नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि तीही त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. जागच्या जागी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायचं आणि रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी कागद हातात द्यायचा. इंग्रजी न येणाऱ्याचा इंग्रजी कागदावर अंगठा घेतला, म्हणजे त्याला कारण कळवलं असं होत नाही.

गैरसमज ४ : आरोपीने कबुली दिली, आता खटला उरला कुठे?

वस्तुस्थिती : 'आरोपीची कबुली' ही बातमी होते, पुरावा नव्हे. पोलिसांना दिलेला कबुलीजबाब सर्वसाधारणपणे न्यायालयात चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तसं सांगतं. मात्र आरोपीने सांगितलं आणि त्यावरून कोयता सापडला, तर त्या शोधापुरतं बोलणं पुराव्यात येतं. 'मोक्का'सारख्या कायद्यात अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब अटी पाळून ग्राह्य धरला जातो. पण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावरही करता येत नाही, हे घटनेच्या कलम २०(३)चं वचन आहे. त्याच आधारावर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. बोटांचे ठसे मात्र द्यावेच लागतात.

गैरसमज ५ : असल्यांचं वकीलपत्र कुणी घेऊच नये.

वस्तुस्थिती : २६/११च्या हल्ल्यातल्या अजमल कसाबलाही सरकारी खर्चाने वकील दिला गेला. त्याची फाशी कायम करणाऱ्या २०१२च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की आरोपीला पहिल्यांदा हजर केलं की त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. आणि अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये, असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच रद्दबातल ठरवले आहेत.

त्या तरुणाशी वकील आधी दहा मिनिटं बोलला असता, तर तो कदाचित शिपायाकडे न बघता बोलला असता. ही दहा मिनिटं त्याला मिळायलाच हवीत, तो निर्दोष असो वा नसो. कारण तेव्हा ते कुणालाच ठाऊक नसतं.

घरातलं माणूस पोलिसांनी नेलं, तर आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. अटकेच्या कागदावरची वेळ तिच्याशी ताडून पाहा. चोवीस तास तुम्ही लिहून ठेवलेल्या वेळेपासूनच मोजायचे असतात.