वारे नव्हे, रक्त अडले

वाचकहो, आमच्या रेवदंड्यात कुणाचा हात-पाय अचानक लुळा पडला, की लोक म्हणतात, "त्याच्यावरनं वारं गेलं." कुणी म्हणतो, "बाहेरचं लागलं." मग भगत येतो, अंगारा लावतो. कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो. या रोगाला अर्धांगवायू म्हणतात. कुणी पक्षाघात म्हणतात, कुणी लकवा. नावात वायू आहे खरा. पण हा रोग वाऱ्याने होत नाही. तो कशाने होतो, ते आज आपण पाहू.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीत एक नाखवा राहत असत. एके दिवशी सकाळी ते फाटलेले जाळे नीट करायला बसले. एकाएकी हातातले जाळे गळाले. तोंड एका बाजूला ओढले गेले. बोलायला गेले, तर शब्द फुटेना. घरची माणसे धावत आमच्याकडे आली. "गुरुजी, बघा ना काय झालंय!"

आम्ही गेलो. पाहिले. नाखवांना कुठे दुखत नव्हते, खुपत नव्हते. आम्ही म्हणालो, "रात्रीचं जागरण झालं असेल. जरा पडू द्या." गुरुजींचा शब्द, तो कोण मोडणार? नाखवा पडून राहिले. दुपार गेली. ऊन उतरले, तरी हात हलेना, तेव्हा गाडी केली. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे किती वाजता सुरू झालं?" कुणालाही नक्की सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर झाला."

नाखवा जगले. पण उजवा हात गेला तो गेलाच. पुन्हा ते होडीवर चढले नाहीत. यात घरच्यांचा दोष नव्हता. दोष आमच्या अज्ञानाचा होता. इतकी वर्षे मुलांना शिकवले, पण हे एक आम्हाला ठाऊक नव्हते. तुम्हाला ते ठाऊक असावे, म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

रोग कशाने होतो?

आपल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आठवा. विहिरीचे पाणी पाटाने झाडाझाडाला जाते. पाटात पाला अडकला, तर पुढची झाडे सुकतात. पाट फुटला, तर पाणी भलतीकडे पसरते. मेंदूचेही तसेच आहे. मेंदूला रक्तवाहिन्या रक्त पोचवतात. वाहिनीत रक्ताची गुठळी अडकली, की पुढचा भाग उपाशी राहतो. वाहिनी फुटली, तर रक्त मेंदूत पसरते. मेंदूचा जो भाग बिघडतो, त्या भागाचे काम बंद पडते. म्हणून हात लुळा पडतो, वाचा जाते.

मुंबईत डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत एक पाहणी केली. सुमारे १,५७,००० वस्तीत ४५६ माणसांना पहिल्यांदाच हा झटका आला होता. म्हणजे लाखात दरसाल १४५ माणसे. शंभरांतील ८० जणांची वाहिनी अडली होती. सुमारे १८ जणांची फुटली होती. शंभरांतील ३० जण २८ दिवसांच्या आत दगावले. पाहा, हा रोग किती मोठा आहे!

यंत्राने काय साधले?

आता गंमत अशी, की वाहिनी अडली काय किंवा फुटली काय, रोगी बाहेरून सारखाच दिसतो. उपचार मात्र अगदी उलट. गुठळी विरघळवणारे औषध फुटलेल्या वाहिनीच्या रोग्याला दिले, तर त्याचा जीवच जायचा. मग ओळखायचे कसे? १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने प्रथम एका रोग्याच्या डोक्याचे आतले चित्र घेतले. या शोधाबद्दल १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूत रक्त पसरले आहे की नाही, हे या चित्रात काही मिनिटांत कळते. म्हणून झटका आलेल्या माणसाला सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्यावे. आणि स्कॅन होण्याआधी घरी ॲस्पिरिनची गोळी कधीही देऊ नये.

औषध खरे की खोटे, हे कसे ठरते?

भगताकडे गेलेला एखादा माणूस बरा होतो. लोक म्हणतात, "गुण आला." पण तो आपोआपच बरा झाला नसेल कशावरून? म्हणून डॉक्टर परीक्षा घेतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोग्यांचे दोन गट पाडतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला दिसायला तसेच पण गुण नसलेले पाणी. कुणाला काय दिले, ते रोग्यालाही कळत नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. शेवटी दोन्ही गट ताडून पाहतात.

अमेरिकेत गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची अशी परीक्षा झाली. तिचा निकाल १९९५ साली छापला गेला. ६२४ रोगी होते. औषध झटका आल्यापासून तीन तासांच्या आत दिले होते. तीन महिन्यांनी पाहिले, तर औषध न मिळालेल्या शंभरांतील २६ जण जवळजवळ पूर्ण बरे झाले होते. औषध मिळालेल्या शंभरांतील ३९ जण बरे झाले होते. धोकाही दिसला. औषध मिळालेल्या शंभरांतील सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे. २००८ साली दुसऱ्या परीक्षेने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली.

२०१५ साली आणखी एक उपाय सिद्ध झाला. जांघेतील वाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि मोठी गुठळी ओढून काढतात. २०१८ सालच्या परीक्षांनी दाखवले, की काही निवडक रोग्यांना याचा उपयोग २४ तासांपर्यंत होतो. पण म्हणून कुणी वाट पाहत बसू नये. मोठी वाहिनी अडली, तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब आहे.

झटक्यानंतर काय?

पुढे चालायला, बोलायला पुन्हा शिकावे लागते. घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवले तर रोगी जास्त सुधारेल का? भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर ही परीक्षा झाली. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच! मग घरच्यांनी काही करू नये का? तसे नव्हे. नुसते शिकवून पाठवणे पुरेसे नाही, इतकेच यातून कळले. जाणकाराची मदत पाठीशी असावी.

घाईही नको. २०१५ साली २,१०४ रोग्यांवर झालेल्या परीक्षेत दिसले, की पहिल्या २४ तासांतच रोग्याला वारंवार उठवण्या-चालवण्याने उलट तोटा होतो. केव्हा उठवायचे, ते डॉक्टरला विचारा.

दुसरी एक परीक्षा आम्हा मास्तरांच्या मनाला लागली. भारतातील ३१ केंद्रांत ४,२९८ रोग्यांना घेऊन ती झाली. निम्म्यांना पुस्तक, चित्रफिती आणि फोनवर संदेश दिले, तेही १२ भाषांत. हेतू हा, की पुन्हा झटका येऊ नये. २०२३ साली निकाल छापला गेला. पुस्तक मिळालेल्यांनी औषधे जास्त नेमाने घेतली. पण झटके मात्र कमी झाले नाहीत. यावरून आम्ही एक धडा घेतला. वाचणे ही पहिली पायरी आहे. शेवटची नव्हे.

आपण काय करावे?

चार गोष्टी पाठ करा.

तोंड: हसायला सांगा. एक बाजू वाकडी होते का?

हात: दोन्ही हात वर धरायला सांगा. एक खाली येतो का?

बोलणे: एखादे वाक्य म्हणायला सांगा. जीभ अडखळते का?

वेळ: यातले एकही दिसले, तर घड्याळ बघा आणि १०८ नंबर फिरवा.

चिन्हे थोड्या वेळाने गेली, तरी डॉक्टरकडे जाच. ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते. रोग्याला पाणी, चहा, काढा काही देऊ नका. गिळता येत नसेल, तर ते श्वासनळीत जाते. आमच्या गावाहून अलिबाग १७-१८ किलोमीटर, आणि मुंबई तर कित्येक तासांची वाट. म्हणून आपल्याजवळ सीटी स्कॅन कुठे आहे, ते आजच विचारून ठेवा. आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

झटका टाळायचा, तर रक्तदाब मोजून घ्या. तो वाढला तरी पुष्कळदा दुखत नाही, म्हणून कळत नाही. गोळ्या सुरू केल्या, तर बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. खारवलेली मासळी, लोणचे, पापड बेताने खा. तंबाखू, मिश्री, बिडी आणि दारू सोडा. मधुमेह असेल, तर तो आटोक्यात ठेवा.

आता शेवटचे काम. तुम्ही अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. आज घरी गेल्यावर खडू घ्या आणि दाराजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०८ लिहा. कुणाला झटका आलाच, तर तो शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठताना दिसले असेल, तर झोपायला गेल्याची वेळ लिहा. तो कागद डॉक्टरच्या हाती द्या.

त्या दिवशी नाखवांच्या घरी असा एक कागद असता, आणि आम्ही "पडू द्या" म्हणालो नसतो, तर कदाचित त्यांचा हात वाचला असता. ज्याला वाचता येत नाही, अशा शेजाऱ्याला हा पाठ आज वाचून दाखवा.