ऱ्हाइनकाठी, आपल्या मर्यादेत

उन्हाळ्याच्या सुटीत परदेशी जाण्याचा विषय आपल्या घरांत निघाला की पहिला प्रश्न स्थळाचा नसतो, स्वयंपाक्याचा असतो. कारंजा, वाशीम, रिसोड किंवा शिरपूरच्या व्यापारी कुटुंबाने मोठ्या सहल कंपनीची बस धरली, तर या प्रश्नाचे उत्तर तयार मिळते. परंतु त्या बसमध्ये नियम आपण पाळत नसतो. आपल्यासाठी दुसरे कोणी तो सांभाळत असते. उद्या आपला मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी वा मालाच्या खरेदीसाठी एकटी युरोपात गेली, तर हा स्वयंपाकी बरोबर असणार नाही. म्हणून एखाद्या वर्षी सहकुटुंब, पण तांड्याशिवाय प्रवास करून पाहावा असे सुचवावेसे वाटते.

युरोपात नदीकाठच्या सायकल-सहलींचा एक प्रकार चांगला रूढ आहे. त्यात मार्गदर्शक नसतो. सहल कंपनी सायकली, नकाशे आणि मुक्कामाची सोय करून देते. सकाळी दारात ठेवलेले सामान ती संध्याकाळपर्यंत पुढच्या मुक्कामी पोहोचवते. मधली वाट ज्याची त्याने कापायची. कुठे थांबायचे, काय खायचे, किती वेगाने जायचे, हे सारे आपल्या हाती.

नव्याने जाणाऱ्या कुटुंबासाठी जर्मनीतील ऱ्हाइन नदीचा माइन्झ ते कोलोन हा टप्पा सोयीचा आहे. या नदीचे मोजमाप कॉन्स्टन्सच्या पुलापासून सुरू होते आणि काठावर दर किलोमीटरला आकड्यांचे मोठे फलक उभे आहेत. माइन्झला 498, बिंगनला 528, कोब्लेन्झला 591, बॉनला 655 आणि कोलोनला 688. म्हणजे नदीच्या मापाने सारा प्रवास 190 किलोमीटरांचा. तो सहा दिवसांत वाटला, तर रोज सरासरी 32 किलोमीटर होतात. वाट बहुतांशी सपाट आणि डांबरी आहे. ही पाचही गावे डाव्या काठावर असल्यामुळे चुकण्याची भीती थोडी; नदी उजव्या हाताला ठेवावी, एवढेच. नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे धावते. आजी-आजोबांनी गाडीने किंवा प्रवासी बोटीने पुढच्या गावी जावे आणि संध्याकाळी सर्वांनी एकत्र यावे, हेही सहज जमते.

बिंगन ते कोब्लेन्झ ही सुमारे 65 किलोमीटरांची दरी सर्वांत देखणी. युनेस्कोने 2002 मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश केला. दोन्ही बाजूंना द्राक्षमळ्यांचे उभे उतार आणि माथ्यावर किल्ले. आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना या किल्ल्यांची हकिकत विशेष रुचेल. मध्ययुगात येथून माल नेणाऱ्या नौकांना जागोजागी जकात भरावी लागे. काउब गावासमोर नदीच्या पात्रातच उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन किल्ला हे तर जकात नाकेच होते. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत या नदीच्या वाहतुकीसाठी मध्यवर्ती आयोग ठरला आणि 1868 च्या मानहाइम करारानंतर माल मोकळेपणाने वाहू लागला. हा आयोग आजही काम करतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना जकात नाक्यांवर ताटकळणारे ट्रक आठवत असतील. त्यांनी नातवंडांना ही गोष्ट काठावर बसून सांगावी. समोरून मालवाहू जहाजे अखंड जात असतात.

आता नियमांविषयी. जूनमध्ये बॉनला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि पहाटे साडेपाचच्या आत उगवतो. त्यामुळे नवकारशी करूनही सकाळी लवकर निघता येते आणि चौविहारालाही घाई होत नाही. चातुर्मासापूर्वीचा हा काळ हवामानाच्या दृष्टीनेही उत्तम. मुक्काम शक्यतो स्वयंपाकघर असलेल्या घरातच ठरवावा. मूगडाळ, तांदूळ, खाकरा आणि कोरडे मसाले बरोबर न्यावेत. तूप, पेढे, खव्याची मिठाई मात्र पेटीत घालू नये. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. उकळलेल्या पाण्यासाठी छोटी विजेची किटली पुरते. रविवारी जर्मनीत जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात, म्हणून भाजी आणि फळे शनिवारीच घ्यावीत.

वेष्टनावरचे काही जर्मन शब्द मुलांकडून पाठ करून घ्यावेत. ‘त्स्वीबेल’ म्हणजे कांदा, ‘क्नोब्लाउख’ म्हणजे लसूण, ‘कार्टोफेल’ म्हणजे बटाटा, ‘आय’ म्हणजे अंडे, ‘श्माल्त्स’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी. ‘गेलाटीने’ दिसले की वस्तू परत ठेवावी. चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते, हेही ध्यानात असावे. दोन दिवसांत मुले हे काम मोठ्यांपेक्षा चोख करू लागतात. नियम त्यांच्या हाती सोपवावा. जपण्याची सवय तशीच लागते.

काही अडचणी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. या वाटेवर जिनमंदिर आहे असे गृहीत धरू नये. ज्यांचा नित्य देवदर्शनाचा नियम आहे, त्यांनी निघण्यापूर्वी गुरूंचे मार्गदर्शन घ्यावे. ज्यांनी दिग्व्रत घेतले आहे, त्यांनी आपली मर्यादा आठवावी. ती ओलांडून केलेला प्रवास कितीही सुंदर असला तरी आपला नव्हे. पाऊस झाल्यावर वाटेवर गोगलगायी येतात, तेव्हा सायकल हाती धरून चालावे.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात दिशांची मर्यादा ठरवण्यासाठी समुद्र, नदी, वन, पर्वत अशा ठळक खुणा सांगितल्या आहेत. देशावकाशिक व्रतात ही मर्यादा काही काळापुरती आणखी आखडून घेतली जाते. रोज सकाळी ‘आज अमुक गावापर्यंत, नदीच्या याच काठाने’ असे ठरवून निघणाऱ्या मुलाला या व्रताचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पाचव्या दिवशी बॉन येते. येथे सायकल जरा जास्त वेळ उभी करावी. 1889 पासून 1922 पर्यंत या विद्यापीठात हर्मन याकोबी प्राध्यापक होते. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नव्हे, तो स्वतंत्र आणि प्राचीन आहे, हे त्यांनी 1879 मध्ये कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत युरोपीय विद्वानांपुढे मांडले. पुढे 1914 मध्ये त्यांना अहमदाबादेत धनपालाच्या ‘भविसत्तकहा’ या अपभ्रंश काव्याची पोथी मिळाली. ते त्यांनी 1918 मध्ये प्रसिद्ध केले. त्या काव्याचा नायक एका व्यापाऱ्याचा मुलगा. समुद्रापलीकडे व्यापाराला गेला असता सावत्र भाऊ त्याला बेटावर एकटा सोडून जातो.

त्यानंतर काही वर्षांतच आपल्या कारंज्याच्या शास्त्रभांडारांकडे विद्वानांचे लक्ष वळले. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे असलेल्या या गावाने पोथ्या शतकानुशतके जपून ठेवल्या होत्या. डॉ. हिरालाल जैन यांनी त्या अभ्यासल्या, आणि 1931 मध्ये डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेतून निघाले. आपल्या पूर्वजांनी बासनात बांधून ठेवलेल्या भाषेचा अभ्यास ऱ्हाइनकाठच्या या गावात मन लावून होत होता, हे मुलांना बॉनमध्ये सांगावे. परत आल्यावर त्यांना कारंज्याच्या मंदिरांतही न्यावे. अनेकांच्या घरापासून ते काही तासांच्या वाटेवर आहे, आणि तरीही किती मुलांनी ते पाहिले आहे?